आत्याला झेपेल असं ठिकाण

माझी आत्या दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, प्लास्टरच्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्यात एकेक दात बसवत जाते. तिचं टेबल खिडकीशी आहे. कोपराशी पांढरी पूड सारखी साचते, ती अधूनमधून तळहाताने गोळा करून डब्यात टाकते. ज्याच्या तोंडात कवळी जाणार तो माणूस तिला कधी दिसत नाही, तक्रार मात्र पोहोचते. एखादा दात केसभर उंच राहिला तर सगळा जबडा दुखतो आणि कवळी परत येते. मग ती वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरते, जबडा मिटवते, उघडते, आणि जिथे डाग उमटला तेवढंच घासते.

आमच्या घरच्या सहलीही वर्षानुवर्षं तिनेच बसवल्या.

आत्याने लग्न केलं नाही. का, हे आता कुणी विचारत नाही. पूर्वी फार विचारून झालं. दोन भावांमधली ती मधली. थोरल्या काकांना सगळे कप्तान म्हणतात, कारण कॉलेजच्या कुठल्यातरी संघाचे ते एक वर्ष कप्तान होते आणि ते वर्ष त्यांनी अजून संपू दिलेलं नाही. धाकटे माझे बाबा. आजी आत्याकडेच राहते. दर हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून आठवडाभर बर्फात जायचं, स्कीइंग करायचं, ही आजोबांनी लावलेली सवय. आधी घरचेच जायचे, मग काकूच्या बहिणीचं कुटुंब आलं, मग कप्तानांच्या ऑफिसातले दोघंतिघं बायकामुलांसकट. आजीपासून दुपट्यातल्या बाळापर्यंत एवढा लोंढा, आणि त्यातल्या प्रत्येकाला येतं ते वेगळं, भीती वाटते ती वेगळी.

बर्फाच्या उतारांना रंग असतात. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल; आणि काळा म्हणजे वरून पाहिलं तर उतार दिसतच नाही, नुसती कड दिसते. आजोबांचा एक नियम होता. ठिकाण ठरवण्याआधी सगळ्यांनी एकदा बसायचं आणि प्रत्येकाने आपला रंग आपण सांगायचा. दुसऱ्याने त्यात दुरुस्ती करायची नाही. कुणाचा पाणउतारा होऊ नये म्हणून त्यांनी हे घातलं असणार. भले होते आजोबा. पण त्यांच्यामागे या नियमाचं काय झालं, तर भर बैठकीत कुणी खरं बोलेनासं झालं.

बैठक कप्तानांच्या दिवाणखान्यात भरायची. कप्तान म्हणायचे, काळा. बाबा म्हणायचे, लाल, वेळ पडली तर काळाही. माझा चुलतभाऊ मोबाइलमधून मान वर न काढता काळा म्हणायचा. काकू लाल. मी पहिल्यापासून हिरवी आहे, आणि माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, त्यामुळे मला ते सोपं गेलं. शेवटी आत्याची पाळी यायची आणि ती म्हणायची, मी आपली आईजवळ बसेन. मग सगळे हसायचे. चुलतभावाने तिचं नाव हँडब्रेक ठेवलं होतं. "आपला हँडब्रेक लागलेलाच आहे," तो म्हणायचा, आणि आत्याही हसायची.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला फोन यायला लागायचे. हे मला फार उशिरा कळलं. पहिला फोन बाबांचा. ताई, जरा सोपंच बघ ना गं, यंदा ऑफिसमुळे सराव नाही, पण माझं नाव नको घेऊस, दादा उगाच चिडवत बसतो. मग काकूचा, तिला उंचीवर गरगरतं, हे नवऱ्याला सांगायचं नव्हतं. मग चुलतभावाचा मेसेज, त्यात कारण वगैरे काही नसायचं, नुसतं 'फार अवघड नको'. आणि सगळ्यात शेवटी, घसा खाकरत, कप्तान.

आत्या सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सोपं ठिकाण काढायची. ते काढणं सोपं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा धरून ती ठिकठिकाणी फोन लावायची. वरच्या टोकापर्यंत न चालता जाता येतं का, रोपवे आहे का, आजीला बसायला वर खोली आहे का. पोरांचा उतार मोठ्यांना दिसतो का. सगळ्या लिफ्ट खाली एकाच जागी येतात का, की माणसं दोन दऱ्यांत विखुरतात. वरून खाली यायला निदान एक तरी हिरवी वाट आहे का. बूट भाड्याने मिळतात ते दुकान राहण्याच्या जागेपासून बूट घालून चालण्याइतकं जवळ आहे का. धुकं आलं तर काय, हेसुद्धा विचारायची. मग घरच्यांना ठिकाण कळवायची. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, मला झेपेल असं पाहिलंय रे. आणि सगळे उदार मनाने मान्य करायचे. सहलीत सपाट उतारावर घसरताना कप्तान सुस्कारा टाकून मित्रांना सांगायचे, काय करणार, बहिणीला सोडून कसं जायचं.

असे किती हिवाळे गेले.

मग आत्या शिकली. शहराच्या टोकाला जिथे बस वळते, तिथे एक टेकडी आहे. थंडीत तिच्यावर बर्फ घालून ठेवतात आणि रविवारी शिकवणी घेतात. आत्या आजीसाठी शेजारणीला बसवून जायची. घरी सांगायची, लॅबमध्ये काम आहे. पहिला हिवाळा पडण्यात गेला. शिकवणारी पोरगी तिच्या निम्म्या वयाची, तिला काकू म्हणायची आणि दया दाखवायची नाही, ते आत्याला आवडलं. दुसऱ्या हिवाळ्यात ती त्या टेकडीचा लाल उतार न थांबता उतरू लागली. "वळताना सगळा भार एका पायावर सोडायचा असतो," ती मला एकदा म्हणाली. "सोडवत नाही. आणि सोडला की तो पाय धरतो आपल्याला. मला तर नवलच वाटलं." घरी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, सांगितलं तर कुणी मानणार नाही, दिसलं तर मानतील.

एवढंच हवं होतं तिला. एकदा सगळ्यांच्या समोर वरून खाली यायचं होतं.

त्या वर्षीच्या बैठकीत तिची पाळी आली आणि ती म्हणाली, "मी लाल."

कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही म्हणून तेही थांबलं. चुलतभावाने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. कप्तानांचं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आजोबांचा नियम होता. दुरुस्ती करायची नाही. काकूने सगळ्यांना अजून चहा हवा का विचारलं. आजी एकटी आत्याकडे टक लावून बघत होती. आजीचे दोन्ही मोतीबिंदू नुकतेच काढले होते आणि ती तेव्हा सगळीकडेच तसं बघायची.

त्या आठवड्यात फोन आले नाहीत. माणसं आली. बाबा ऑफिसातून परस्पर लॅबवर गेले. काकूने तिला बाजारात गाठलं. कप्तान स्वतः आले, लॅबच्या दारात बूट झटकत उभे राहिले आणि टेबलावरचे जबडे बघून म्हणाले, "तुझी ही माणसं बरी, बोलत नाहीत."

आत्याने हातातलं मेण खाली ठेवलं. कप्तानांनी गुडघ्याची गोष्ट काढली, हवेची काढली, ऑफिसातल्या मित्रांची पोरं लहान आहेत ते काढलं. शेवटी म्हणाले, "यंदाही तूच म्हण ना."

"काय म्हणू?"

"तुला झेपत नाही म्हणून."

"मला झेपतं दादा. तुला झेपत नसेल तर तू म्हण."

"माझा कुठे प्रश्न आहे," कप्तान म्हणाले. मग निघता निघता, "त्या टेकडीवर चार वेळा घसरलीस म्हणजे येतं असं नाही. बघ बाई. काही झालं तर तुझी जबाबदारी."

म्हणजे त्यांना टेकडीचं माहीत होतं. कुणीतरी पाहिलं असणार, आणि घरभर झालं असणार. तरीही बैठकीत सगळे नवल वाटल्यासारखे बसले होते.

तरी आत्याने कुणाला तोंडघशी पाडलं नाही. तिने असं ठिकाण शोधलं की जिथे शिखरावरून रुंद, सरळ लाल उतार आहे आणि तिथूनच एक लांबलचक हिरवी वाटही निघते, डोंगराला वळसे घालत, झाडांमधून, थेट खाली. कितीही भ्यालेला माणूस त्या वाटेने रमतगमत उतरू शकेल. रोपवे होता, आजीसाठी वर काचेची खानावळ होती. आणि तिने प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगितलं, हिरवी वाट आहे, घाबरू नकोस, मी कुणाला बोलणार नाही. तिला वाटलं होतं, झालं, बसली कवळी.

तिने सगळं विचारलं होतं. त्या हिरव्या वाटेचं तोंड कुठे उघडतं, तेवढं विचारायचं राहिलं. ते उघडत होतं खानावळीच्या काचेसमोर. लाल उतार पलीकडच्या अंगाला, तिथून कोण कसा उतरतो ते काचेच्या टोकाशी बसलं तरच, तेही दोनचार वळणांपुरतंच दिसे. पण हिरव्या वाटेने जायचं तर जेवणाऱ्या सगळ्या टेबलांसमोरून, ऑफिसातल्या मित्रांच्या बायकांसमोरून, काठ्या टेकत, पोराबाळांच्या रांगेत उभं राहून जावं लागे. असला खुळेपणा आमच्याच घरात चालतो. उतरता येईल का याचा विचार आत्याने केला होता. उतरताना कोण बघेल याचा बाकीच्यांनी केला.

पहिले दोन दिवस हवा वाईट म्हणून सगळे खालीच घसरले आणि सुटल्यासारखे खूश होते. मग लख्ख ऊन पडलं. जेवायला सगळे वर गेले. मी पोरांना घेऊन खालच्या उतारावर थांबले होते, तेव्हा वरचं मी पाहिलेलं नाही. आत्याने सांगितलं ते, आणि बाकी जे नंतर इकडून तिकडून कानावर आलं ते.

आजी काचेच्या टोकाशी बसली होती आणि सूप पिता पिता सगळ्यांना सांगत होती, तो बघा पिवळ्या टोपीचा पडला, ती बघा बाई लेकराला दोरीने ओढतेय. कप्तान पाठ शेकत उभे होते. काकूचं डोकं दुखायला लागलं होतं. चुलतभावाचा बूट चावत होता. बाबा म्हणाले, आधी सगळे पोटभर जेवू. आत्या उठली, फळ्या घेतल्या (आजी स्कीजना फळ्या म्हणते, त्यामुळे आम्हीही म्हणतो) आणि लाल उताराच्या कडेला जाऊन उभी राहिली. मागून ऑफिसातला एक मित्र कप्तानांना म्हणाला, "अरे, तुझी बहीण निघाली की."

आत्या म्हणते, खाली बघितलं तेव्हा कळलं. टेकडीवरच्या लाल रंगात आणि या लाल रंगात फरक होता. पण उताराची रुंदी चांगली होती आणि बर्फ सकाळच्या उन्हाने मऊ झालेला. तिने पहिलं वळण घेतलं, भार सोडला. पाय धरून राहिला. दुसरं घेतलं. मग तिला वळणं मोजावीशी वाटली नाहीत. उन्हात डाव्या हाताला तिची सावली चालली होती, कधी लांब, कधी पायाशी गोळा होऊन, आणि कानांत वाऱ्याशिवाय काही नव्हतं. झाडं लागली, उतार शांत झाला, खाली छपरं दिसली. ती कुठेही पडली नाही.

रोपवेच्या खालच्या फाटकाशी मी पोरांचे हातमोजे शोधत होते. आत्या समोर येऊन थांबली. गाल लाल, नाक वाहतंय, चष्म्यावर बर्फ. "आले," ती म्हणाली. मग मागे वळून वर बघत, "कोण कोण आलं माझ्या मागे?"

कुणी आलं नव्हतं. आम्ही बराच वेळ वर बघत उभ्या राहिलो. मग झाडांमधून लाल जाकिटातली दोन माणसं एक घसरगाडी हळूहळू आणताना दिसली, आणि घसरगाडीवर पांघरुणात गुंडाळलेले कप्तान.

मित्राने म्हटल्यावर त्यांना थांबता आलं नव्हतं. बाबा आणि चुलतभाऊ त्यांच्या मागे कडेपर्यंत गेले. कप्तानांनी एक वळण घेतलं, दुसरं अर्ध्यात सोडलं, आणि त्यांचा एक पाय फळीत राहून नडगीपाशी मोडला. बाबा आणि चुलतभावाने फळ्या काढून हातात घेतल्या आणि रोपवेने खाली आले.

दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. प्लास्टर ओलं होतं, त्याचा वास आत्याच्या लॅबसारखा येत होता. नर्सने विचारलं कसं झालं, आणि कप्तान म्हणाले, बहिणीला येत नाही, ती एकदम निघाली, तिला सांभाळायला मागे गेलो.

ते नर्सला म्हटलेलं वाक्य होतं. वेदनेत माणूस काहीही बोलतो. पण राहण्याच्या जागेवर परत आल्यावर, सगळे मोठ्या खोलीत जमले, कप्तानांचा पाय स्टुलावर उशीवर ठेवला गेला, आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं. या वेळी आत्या उतारावर डळमळली होती. त्यांनी हाक मारली होती. ऑफिसातल्या मित्रांच्या बायका च् च् करत होत्या. काकू आत्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, आधी सांगायचं तरी. हौस आम्हालाही असते."

मी म्हणाले की आत्या तर कधीच खाली पोहोचली होती, मी समोर होते.

"तू वर होतीस का?" बाबांनी विचारलं. मी वर नव्हते. "मग मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस." बाबा वर होते. बाबांनी सगळं पाहिलं होतं, आणि त्यांनी हिटरचं बटण उगाच फिरवलं.

आत्या दाराशी उभी होती. ती रडली नाही, तिचा आवाजही चढला नाही. म्हणाली, "मी पडले नाही. मी डळमळले नाही. दादा माझ्या मागे कशासाठी आला ते त्याचं त्याला माहीत. आई काचेशी बसली होती, आईला विचारा."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजी शालीच्या गोंड्याशी खेळत होती. तिने कप्तानांच्या पायाकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"मला आता एवढ्या लांबचं कुठे दिसतंय," आजी म्हणाली.

चुलतभावाने पिझ्झा मागवायचा का विचारलं.

आजी, आत्या आणि मी एका खोलीत होतो. आत्याने नेहमीप्रमाणे आजीला पलंगावर बसवलं, पायमोजे काढले, तळपायांना तेल लावलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "पाहिलं मी. छान उतरलीस. तुझे वडील उतरायचे अगदी तशी."

आत्याचे हात थांबले असावेत, कारण तेल चोळण्याचा आवाज थांबला. "मग म्हणाली का नाहीस?"

"त्याचा पाय मोडलाय गं. त्यात अजून हे कशाला? चारचौघांत मान खाली गेली असती त्याची."

"आणि माझी?"

"तुला काय झालंय," आजी म्हणाली. "तू धड आहेस."

आत्याने दुसरा पाय मांडीवर घेतला आणि त्यालाही तेल लावलं.

पुढच्या हिवाळ्यात बैठक भरली नाही. कप्तानांचा पाय जुळला होता, पण त्यांनी काठी सोडली नव्हती. त्यांनी आत्याला फोन केला आणि म्हणाले, मागचं मी मनात ठेवलेलं नाही, ठिकाण तूच बघ, तुला झेपेल असं. मला वाटलं होतं आत्या फोन ठेवून देईल. तिने ठिकाण पाहिलं. डबा एका हातात धरून सगळे फोन केले. या वेळी हिरव्या वाटेचं तोंड कुठे उघडतं तेही विचारलं. ते खानावळीच्या मागच्या बाजूला, लाकडांच्या ढिगाआडून निघत होतं. सगळ्यांच्या खोल्या लावल्या, आजीला खालच्या मजल्यावरची दिली. मग निघायच्या आदल्या दिवशी कळवलं की तिला रजा नाही.

रजा होती. त्या आठवड्यात ती बसने दुसऱ्याच एका डोंगरावर गेली. मला सांगितलं, बाकी कुणाला नाही. तिथे काय केलंस विचारलं तर म्हणाली, उतरले, पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. कुणी विचारलं नाही मला रंग.

आमची सहल चांगली झाली. सगळे लाकडांच्या आडून गुपचूप जायचे आणि खाली भेटल्यावर एकमेकांना काही विचारायचे नाहीत. बाबा पहिल्यांदाच मनापासून हसताना दिसले. फक्त ठिकाण इतकं सोपं का घेतलं, असं ऑफिसातल्या मित्रांनी विचारलं, तेव्हा कप्तान म्हणाले, बहीण येणार होती ना, तिच्यासाठी घेतलं. आणि बघा, ऐन वेळी आलीच नाही.

परत आल्यावर मी हे आत्याला लॅबमध्ये जाऊन सांगितलं. तिच्या हातात अर्धी कवळी होती. ती दोन दातांमधला निळा डाग बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "कुणी पडलं तर नाही ना?"

नाही म्हटल्यावर तिने घासायचं यंत्र सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलता येत नाही.